मोठ्या टॉपवॉटर ल्युअरसाठी दोरी, लीडर आणि गाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या आणि लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला मासा गळाने गरवायला लागलेल्या मराठी मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. पाण्यावर चालणारा (टॉपवॉटर) मोठा ल्युअर म्हणजे नकली आमिष, त्याच्याखाली अचानक फुटणारं पाणी आणि हातात आलेलं वजन, यासारखा आनंद गरवण्यात दुसरा नाही असं माझं मत आहे. तो आनंद दोरीच्या किंवा गाठीच्या चुकीमुळे हुकू नये, एवढ्यासाठी हे सगळं सविस्तर लिहिलं आहे.

मोठा ल्युअर म्हणजे किती मोठा?

इथे २५ ग्रॅमपासून पुढचे ल्युअर धरले आहेत. हेडन कंपनीचा सुपर स्पूक ५ इंच लांब आणि साधारण २५ ग्रॅमचा असतो. फिरत्या शेपटीचा व्हॉपर प्लॉपर १३० जवळपास ३९ ग्रॅमचा, तर त्याचा थोरला भाऊ १९० पावणेतीन औंसांचा, म्हणजे ७८ ग्रॅमच्या आसपास. यांच्याखेरीज ७ ते ९ इंचांचे लाकडी वेकबेट (पाण्यावर लाट उठवत जाणारे ल्युअर) आणि लांब शेपटीचे, उंदराच्या आकाराचे ल्युअरही याच गटातले. लहान पॉपर किंवा १० ग्रॅमच्या ल्युअरला इथले आकडे लावू नका, त्यांचं गणित वेगळं आहे.

मासा जेमतेम ४ पौंडांचा. मग ६५ पौंडांची दोरी कशाला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो विचारणं रास्त आहे. याचं उत्तर असं की दोरीची ताकद, म्हणजे ती किती पौंडांच्या ओढीला तुटते तो आकडा, इथे माशासाठी घेतलेली नसते, ती फेकण्यासाठी घेतलेली असते.

७८ ग्रॅमचं वजन ८ फुटी रॉडने पूर्ण जोरात फेकलं की रॉड सरळ होताना दोरीवर बसणारा झटका कुठल्याही बासच्या ओढीपेक्षा मोठा असतो. त्यातच मध्ये स्पूलवर, म्हणजे रीलच्या ज्या चाकावर दोरी गुंडाळलेली असते त्यावर, गुंता झाला किंवा वरच्या वेटोळ्याखाली दोरी अडकली, तर हवेत सुटलेला ल्युअर एका क्षणात थांबतो आणि ती सगळी गती गाठीवर येते. बारीक दोरी तिथे टिकत नाही. २५-३० डॉलरचा ल्युअर तळ्याच्या मध्यावर जाऊन पडतो आणि हातात मोकळी दोरी राहते. काठावर माणसं असतील तर तीन-तीन गळांचा तो ल्युअर कुठे जाईल हेही सांगता येत नाही, म्हणून हा मुद्दा नुसता पैशांचा नाही.

दुसरं कारण म्हणजे जाडी. ६५ पौंडांची ब्रेडेड (धागे विणून केलेली) दोरी ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते, तर २० पौंडांची मोनो (नायलॉनची एकपदरी दोरी) तिच्याहूनही जाड, सुमारे ०.४६ मिलिमीटर. म्हणजे ६५ हा आकडा ऐकायला अवाढव्य वाटला तरी हातात दोरी बारीकच असते. त्याहून बारीक ब्रेडेड घेतली की ती दाबाखाली स्पूलवरच्या खालच्या थरात रुतते, आणि पुढची फेक तिथेच अडकते.

मोनो, फ्लोरो की ब्रेडेड?

तिन्हींचा पाण्यातला स्वभाव घनतेवरून कळतो. ब्रेडेड दोरी पॉलिइथिलीनच्या धाग्यांची. तिची घनता ०.९७, म्हणजे पाण्यापेक्षा हलकी, त्यामुळे ती तरंगते. मोनो म्हणजे नायलॉन, कोकणात ज्याला तंगूस म्हणतात तीच. तिची घनता १.१४. ती बुडते, पण इतकी सावकाश की ल्युअर चालता असेपर्यंत ती वरच राहिल्यासारखी असते. फ्लोरोकार्बनची घनता १.७८, आणि ती सरळ खाली जाते.

टॉपवॉटरमध्ये ल्युअरचं तोंड पाण्याच्या वर राहायला हवं. म्हणून मुख्य दोरी ब्रेडेड, नाहीतर मोनो. यात माझं पहिलं मत ब्रेडेडला, कारण ती जवळजवळ ताणली जात नाही. ४० यार्डांवर ल्युअर असतानाही मनगटाची हालचाल तिथपर्यंत पोहोचते आणि लांबवर लागलेल्या माशाच्या तोंडात गळ बसतो.

फ्लोरो पाण्यात दिसत नाही म्हणतात. मग ती का नको?

प्रकाश वळवण्याचा पाण्याचा अंक १.३३, फ्लोरोचा १.४२ आणि नायलॉनचा १.५ च्या पुढे. तेव्हा फ्लोरो कमी दिसते हे खरं. पण तो फायदा पाण्याखाली चालणाऱ्या ल्युअरला. पृष्ठभागावर ल्युअरने उठवलेल्या लाटा, फेस आणि खळखळ यांतून माशाला खालून दोरी दिसलीच, तरी ती कशाची आहे याने फरक पडत नाही. उलट, स्पूकसारखा ल्युअर डावीकडे-उजवीकडे चालवताना प्रत्येक झटक्यानंतर दोरी सैल सोडावी लागते. त्या सैल क्षणी फ्लोरो खाली बसते आणि पुढच्या झटक्याला ल्युअरचं नाक पाण्यात ओढते. चाल बिघडते, ल्युअर बुडी मारतो.

कोणत्या ल्युअरला किती पौंडांची?

सुपर स्पूकसारख्या २५ ग्रॅमच्या ल्युअरला ५० पौंडांची ब्रेडेड पुरते. १३० नंबरच्या प्लॉपरला ५० चालते, पण पाणवनस्पती किंवा बुडालेली झाडं असतील तर ६५ घ्या. टेक्ससच्या बहुतेक तळ्यांत, लेक फोर्कसारख्या ठिकाणी तर हमखास, पाण्यात उभी लाकडं असतातच, त्यामुळे तिकडे सरळ ६५. १९० नंबर, ९ इंची वेकबेट आणि मोठे उंदीर यांना ६५ ते ८०. फक्त मोनो वापरायची असेल तर स्पूकला १७ ते २०, प्लॉपर १३० ला २० ते २५ आणि त्याहून मोठ्याला २५ ते ३० पौंड.

ब्रेडेडला लीडर लावायलाच हवा का?

लीडर म्हणजे मुख्य दोरी आणि ल्युअर यांच्यामध्ये जोडलेला वेगळ्या दोरीचा तुकडा. तो हवा का, हे ल्युअर कोणता आहे त्यावर अवलंबून आहे. इथे जरा थांबून विचार करण्यासारखं आहे, कारण लीडरचं खरं काम बऱ्याच जणांना चुकीचं सांगितलं जातं.

दोरी लपवण्यासाठी लीडर, असं दुकानात सांगतात. टॉपवॉटरमध्ये लीडर हवा तो त्याच्या ताठपणासाठी. ब्रेडेड दोरी सुती धाग्यासारखी लुळी असते. स्पूक चालवताना तुम्ही झटका देता, ल्युअर डावीकडे वळतो, दोरी सैल होते, आणि ती सैल लुळी दोरी तरंगत मागे येऊन पुढच्या ट्रेबल हुकला (तीन तोंडांच्या गळाला) गुंडाळली जाते. पुढच्या झटक्याला ल्युअर आडवा ओढला जातो. नीट पाहिलंत तर दिसेल: पुढच्या गळाच्या एका तोंडाखाली दोरीचा एक वेढा, बस्स, तेवढ्याने अख्खी फेक वाया. फेकतानाही तेच होतं. ल्युअर हवेत कोलांट्या घेतो आणि लुळी दोरी गळात अडकते. पुढे दीड-दोन फूट ताठ मोनो असली की ती नाकापासून सरळ उभी राहते आणि गळांपर्यंत पोहोचतच नाही.

म्हणून स्पूक आणि तत्सम चालणाऱ्या ल्युअरना लीडर हवाच. प्लॉपर एका वेगाने सरळ ओढायचा असतो, दोरी सतत ताणलेली राहते, त्यामुळे त्याला लीडरविना चालतं. तरीही फेकताना होणारा गुंता टाळायला मी लीडर लावणंच पसंत करते. पोकळ रबरी बेडकाला मात्र लीडर नको. तो शेवाळाच्या गालिच्यावरून ओढायचा असतो, तिथे मधली गाठ प्रत्येक वेळी पाला गोळा करते. बेडकाला थेट ब्रेडेड.

लीडर मोनोचा की फ्लोरोचा?

चालणाऱ्या ल्युअरला मोनो, २५ ते ३० पौंडांची. ७८ ग्रॅमच्या प्लॉपरला दोन फूट फ्लोरोने काही होत नाही, तो ल्युअर तेवढ्याने बुडत नाही. त्यामुळे दगडी काठ आणि धक्क्यांचे खांब असतील, घासाघीस जास्त असेल, तर मोठ्या ल्युअरला ३० ते ४० पौंडांची फ्लोरो चालेल.

लीडर किती लांब ठेवू?

दीड ते दोन फूट. एवढ्या लांबीत फेकताना जोडगाठ रॉडच्या टोकाबाहेर लटकते, म्हणजे ती गाइडमधून (रॉडवरच्या कड्यांतून) धडधडत जात नाही. यापेक्षा लांब लीडर हवाच असेल तर जोडगाठ बारीक हवी, आणि अशी एकच गाठ मला भरवशाची वाटते. तिच्याबद्दल पुढच्या उत्तरात. दोन-चार वेळा टोक कापून पुन्हा बांधलं की लीडर फूटभर उरतो. तेव्हा तो पूर्ण बदला.

ब्रेडेड आणि लीडर जोडायला कोणती गाठ?

घरी निवांत बसून बांधायची असेल तर एफजी, वर म्हटलेली बारीक गाठ तीच. काठावर, वाऱ्यात, घाईत बांधायची असेल तर डबल युनी किंवा आल्बर्टो.

एफजी गाठ मुळात विणकाम आहे. तिच्यात लीडरला गाठ पडतच नाही, ब्रेडेड दोरीच त्याच्याभोवती आवळत जाते. ब्रेडेड ताठ ताणून धरा. एक टोक रॉडकडे आणि दुसरं दातांत किंवा बोटाला गुंडाळून. लीडरचं टोक त्या ताणलेल्या दोरीवर एकदा वरून, एकदा खालून असं आळीपाळीने फिरवा. जाड लीडरला १८-२० वेढे. प्रत्येक वेढा आधीच्याला चिकटून बसला पाहिजे, एकावर एक चढता कामा नये. मग ब्रेडेडच्या मोकळ्या टोकाने लीडर आणि मुख्य दोरी दोन्हींवर मिळून एक-दोन अर्ध्या गाठी मारा, ओल्या करा आणि हातमोजे घालून पूर्ण जोराने ओढा. ओढताना विणीकडे नजर ठेवा. वेढे लीडरच्या अंगात रुतायला लागले की ब्रेडेडचा रंग गडद होतो, हिरवी दोरी जवळजवळ काळसर दिसते. हा रंग बदलला तरच गाठ बसली. नसेल बदलला तर ती पहिल्या मोठ्या फेकीला सरकून बाहेर येईल. त्यानंतरच लीडरचं जास्तीचं टोक विणीलगत कापा, आणि मुख्य दोरीवर आणखी चार-पाच अर्ध्या गाठी मारून संपवा.

हातमोजे ही सूचना गंभीरपणे घ्या. ६५ पौंडांची ब्रेडेड उघड्या बोटावर ओढली तर कातडी कापते.

डबल युनीत ब्रेडेडच्या बाजूला ७-८ वेढे आणि जाड मोनोच्या बाजूला ३-४ पुरेत. ही गाठ जाड होते, पण दीड फुटी लीडरला ती गाइडमध्ये शिरणारच नसल्यामुळे त्याने काही बिघडत नाही. नवीन माणसाने इथूनच सुरुवात करावी.

ल्युअरला कोणती गाठ मारावी? पालोमार सगळ्यात मजबूत म्हणतात.

पालोमार खरोखर मजबूत आहे. अडचण ल्युअरच्या आकाराची आहे. या गाठीत दोरीचा फास अख्ख्या ल्युअरवरून काढावा लागतो. ७ इंचांचा, तीन ट्रेबल हुकांचा ल्युअर फासातून काढताना दोरी गळांच्या टोकांना अडकते, खरचटते, दोन पदर एकमेकांवरून तिरके जातात, आणि गाठीची जी ताकद कागदावर असते ती हातात राहत नाही. शिवाय दरवेळी वीतभर लीडर फुकट जातो. पालोमार मारायची असेल तर स्नॅपवर, म्हणजे ल्युअर अडकवायच्या उघडझाप कडीवर मारा. ती तिथे छान बसते.

थेट ल्युअरला बांधायचं असेल तर जाड मोनोवर मला सॅन डिएगो जॅम आवडते. दोरी कडीतून काढून स्वतःवरच खालच्या दिशेने ४-५ वेढे घ्यायचे, टोक कडीजवळच्या दोन पदरांमधून काढून वरच्या फासातून आणायचं आणि ओलं करून आवळायचं. २५-३० पौंडांच्या मोनोवरही ती सरळ बसते. आपल्याकडे बहुतेकांना आधी येते ती इम्प्रूव्ह्ड क्लिंच. पण २० पौंडांच्या वर ती नीट आवळली जात नाही, वेढे अर्धवट राहतात. ब्रेडेडवर तर ती सरकतेच. थेट ब्रेडेड बांधताना दोरी कडीतून दोनदा काढून युनी मारा.

ल्युअरच्या नाकाला स्प्लिट रिंग (दुपदरी तारेची गोल कडी) नसेल तर सैल फासाची गाठ, म्हणजे लूप नॉट, मारा. नाक मोकळं राहतं आणि ल्युअर दोन्ही बाजूंना अधिक रुंद वळतो. रिंग असेल तर तोच मोकळेपणा रिंग देते, तेव्हा फासाची गरज नाही.

स्प्लिट रिंगला थेट बांधणं सुरक्षित आहे का?

आहे, पण एक गोष्ट तपासा. स्प्लिट रिंगची तार जिथे संपते तिथे एक धारदार टोक आणि एक बारीक फट असते. फेकीमागून फेकी गाठ फिरत फिरत त्या फटीत जाऊन बसते आणि कापली जाते. दर अर्ध्या तासाने गाठ रिंगच्या दुपदरी भागावर सरकवून घ्या आणि शेवटच्या दोन इंचांवरून नख फिरवा. खरखरीत लागलं की तेवढं कापा आणि पुन्हा बांधा.

स्नॅप वापरला तर ल्युअरची चाल बिघडते का?

७८ ग्रॅमच्या ल्युअरला अजिबात नाही. २५ ग्रॅमच्या स्पूकला अवजड स्नॅप नाकाला किंचित ओझं देतो, तिथे लहान पण जाड तारेचा घ्या. स्नॅप ५० पौंडांच्या खालचा नको. स्विव्हल, म्हणजे दोरीचा पीळ काढणारी फिरती कडी, मात्र लावू नका. प्लॉपरची शेपटी तिच्या स्वतःच्या तारेवर फिरते, अंग फिरत नाही, त्यामुळे दोरीला पीळ पडत नाही. अंगच फिरत असेल तर तुम्ही फार वेगाने ओढताय.

नवीन ब्रेडेड भरली, पण मासा लागल्यावर रीलवरची सगळी दोरी गोल फिरते. ड्रॅग बिघडलं का?

ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी सोडणारा रीलचा ब्रेक, ठीक असणार. ब्रेडेड गुळगुळीत असते आणि गुळगुळीत स्पूलवर तिचा अख्खा गठ्ठाच फिरतो. आधी काही यार्ड मोनो भरा आणि त्यावर ब्रेडेड जोडा, नाहीतर स्पूलला विजेच्या कामाची चिकटपट्टी एक फेरा लावा. भरताना दोरी ओल्या फडक्यातून घट्ट धरून घ्या. सैल भरलेली ब्रेडेड पहिल्याच मोठ्या फेकीला रुतेल.

फक्त मोनो, लीडर वगैरे काही नको, असं चालेल का?

उत्तम चालेल. कमी भानगडी, एकच गाठ. मोनो तुटेपर्यंत २०-३० टक्के ताणली जाते, आणि तो ताण ट्रेबल हुकसाठी चांगला: बास उडी मारून डोकं झटकतो तेव्हा गळ फाटून निघत नाही. किंमत मोजावी लागते ती लांबच्या फेकीत. ५० यार्डांवर मासा लागला तर हिसका तिथपर्यंत पोहोचता पोहोचता मवाळ होतो. शिवाय नायलॉन पाणी शोषतं आणि ओलं झाल्यावर थोडं कमजोर पडतं. उन्हानेही झिजतं. गाडीच्या डिकीत टेक्ससच्या उन्हाळ्यात पडलेली मोनो पुढच्या हंगामात वापरू नका.

काढलेली मोनो तळ्याकाठी टाकू नका, बगळे आणि कासवं तिच्यात अडकून मरतात. अनेक बोट रॅम्पवर जुनी मोनो टाकायला उभ्या नळ्या बसवलेल्या असतात. ब्रेडेड त्यांत घेत नाहीत. तिचे बारीक तुकडे करून झाकणाच्या डब्यात टाका.

मासा जोरात उसळतो, ल्युअर हवेत उडतो, पण गळ लागत नाही. दोरी बदलू का?

आधी हात थांबवा. पाणी फुटलं की रॉड ओढायचा, ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे आणि ब्रेडेडवर ती घातक ठरते. दोरी जराही ताणली जात नसल्यामुळे ल्युअर त्याच क्षणी माशाच्या तोंडापासून दूर जातो. आवाजाकडे दुर्लक्ष करा, ल्युअर चालता ठेवा, आणि दोरीवर वजन जाणवलं की रॉड बाजूला लांब ओढून घ्या. रॉड मध्यापर्यंत वाकणारा असेल तर ब्रेडेडचा कडकपणा तो सांभाळून घेतो. काठीसारखा ताठ रॉड आणि ब्रेडेड, ही जोडी ट्रेबल हुकला योग्य नाही. ड्रॅगही पूर्ण आवळू नका. मुठीत दोरी धरून चांगला जोर लावल्यावर सुटेल इतपत ठेवा.

मिनेसोटा-विस्कॉन्सिनकडे पाइक आणि मस्की दोरी कापतात. काय करू?

बासचे दात कानसीसारखे बारीक असतात, ते दोरी कापत नाहीत. पाइक आणि मस्कीचे दात सुरीचे. तिथे मोनोचा लीडर म्हणजे ल्युअर गमावणं, आणि तोंडात गळ अडकलेला मासा सोडून देणं. ८० ते १०० पौंडांची फ्लोरो किंवा तारेचा लीडर लावा. व्हॉपर प्लॉपर मुळात मस्कीसाठीच बनला होता, त्याला हे वजन सहज पेलतं.

हेच सामान सुट्टीत कोकणात-गोव्यात नेलं तर चालेल का?

बास तिकडे नाही, पण पृष्ठभागावर ल्युअर मारणारे मासे आहेत. मरळ पकडायला रबरी बेडूक आणि थेट ५० पौंडांची ब्रेडेड, अगदी इथल्यासारखीच. खाडीतला जिताडा, गोव्याकडे ज्याला चोणक म्हणतात, स्पूकवर सुरेख येतो. त्याच्या गालफडाच्या कडा पात्यासारख्या असतात आणि तांबोशी तर मासा लागताक्षणी खारफुटीच्या मुळांत घुसते, म्हणून लीडर ४० ते ६० पौंडांचा घ्या. खाऱ्या पाण्यातून आल्यावर रील, दोरी आणि स्नॅप त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा. बासच्या ल्युअरवरचे कारखान्यातून आलेले गळ खाऱ्या पाण्यात लवकर गंजतात आणि जिताड्याच्या जोराला सरळ होतात. नेण्याआधीच त्यांच्या जागी खाऱ्या पाण्याचे जाड ट्रेबल हुक बसवून घ्या, आणि मग ल्युअर बादलीत टाकून तो अजून तरंगतो ना, ते पाहा.